चेर्वेन: खडकावरचे दुर्गनगर

गाविलगडाच्या पायथ्याच्या मुलखात वाढल्यामुळे बल्गेरियातील चेर्वेनचा इतिहास मला जवळचा वाटतो. रुसे शहराच्या दक्षिणेस, चेर्नी लोम नदीकाठच्या उंच खडकावर वसलेले हे नगर १२३५ पासून धर्मपीठाचे स्थान होते आणि चौदाव्या शतकात चर्च, वाडे व कारागिरांच्या वस्तीने भरभराटीस आले होते. १३८८ मध्ये ऑटोमन सैन्याने ते जिंकले. माझ्या मते खरा घाव त्यानंतर बसला, कारण कारभार हळूहळू रुसेकडे गेला. तालुक्याचे ठिकाण हलले की बाजारपेठ कशी ओसरते, हे विदर्भातील खेड्यांना वेगळे सांगायला नको. तेथील चौदाव्या शतकातील तीनमजली बुरूज मात्र शाबूत असून, वेलिको तर्नोवो येथील बॉल्डविन बुरुजाची पुनर्बांधणी त्याच्याच नमुन्यावर झाली.