आमची वाटचाल : ॲम्बेसेडरपासून व्ही-८ पर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप सुरू झालं ते ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या इंजिनकामावर. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश बी-सिरीजमधलं. ब्रिटनच्या एमजी कंपनीच्या एमजीबी स्पोर्ट्‌स कारचं १७९८ सीसी इंजिनही त्याच घराण्यातलं. त्यामुळे एमजीबी यायला लागल्या तेव्हा हात बसलेला होता. आता आमचं मुख्य काम म्हणजे एमजीबीत ब्रिटिश रोव्हर कंपनीचं ३५२८ सीसी व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन, बसवणं.

हीच जोडी एमजी कंपनीने १९७३ ते १९७६ या काळात 'एमजीबी जीटी व्ही-८' म्हणून विकली होती. रोव्हरचा ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे, मूळचं इंजिन बिडाचं. म्हणून आठ सिलिंडर येऊनही पुढचं वजन फारसं वाढत नाही.

इंजिन बॉडीत उतरवणं सोपं. वेळ खातं ते आजूबाजूचं काम. नंतरच्या, रबर बंपरच्या एमजीबीच्या बॉडीत जागा तयार मिळते; क्रोम बंपरच्या जुन्या बॉडीत इंजिन बे (इंजिन बसतं ती जागा) कापून घडवावा लागतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारे पाइप) आणि स्टिअरिंग शाफ्ट यांत मोकळी फट हवीच, कारण जोर आल्यावर इंजिन माउंटवर हलतं. बॉनेट लागू नये म्हणून कार्बोरेटर मागे घ्यायचे. डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद देणारा गिअर) मूळच्या ३.९०९ रेशोचा तसाच ठेवला तर इंजिन उगाच ओरडत राहतं, कंपनीने ३.०७ घातला होता, आम्हीही तोच धरतो. ब्रेकच्या जाड डिस्क आणि मोठ्या कॅलिपरशिवाय गाडी बाहेर सोडत नाही.

पहिल्यांदा चालू करतानाची काळजी सर्वांत मोठी. या व्ही-८ चा ऑइल पंप इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये, तेलाच्या पातळीच्या वर असतो. पंपाचे गिअर कोरडे राहिले तर पंप तेल ओढत नाही आणि बेअरिंग जातात. म्हणून पंपाच्या गिअरमध्ये पेट्रोलियम जेली ठासून भरायची, डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) काढून त्या भोकातून ड्रिलने पंप फिरवायचा, आणि ऑइल प्रेशर गेजचा काटा उठल्यावरच स्टार्टर मारायचा. गरम इंजिनाला २४०० आरपीएमवर ३० ते ४० पीएसआय ऑइल प्रेशर या व्ही-८ ला पुरतं. बी-सिरीजच्या ५०-८० ची सवय असलेले मालक इथे घाबरतात, पण ते नॉर्मल आहे.

उष्णता हा आपल्याकडचा खरा शत्रू. रेडिएटर मोठा आणि दोन इलेक्ट्रिक फॅन घालतो, तरी एप्रिलच्या दुपारी द्वारका चौकातल्या गर्दीत उभी करून तापमान बघतो आणि मग कसारा घाट चढवतो. ॲल्युमिनियम हेड एकदा तापून वाकलं की गॅस्केट टिकत नाही.

कागदपत्रं मात्र काम धरण्याआधी. इंजिन नंबर आणि सीसी बदलतात, त्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी लागते. इंजिनाचं बिल आणि कस्टमचे कागद तयार ठेवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी मूळ इंजिन न बदललेल्या गाडीलाच मिळते. ती नोंदणी हवी असेल तर आम्ही १७९८ सीसीचंच इंजिन नव्याने बांधून देतो.