एसी मध्येच गरम हवा फेकतो? गॅस भरण्याआधी क्लचची फट मोजा

सुरुवातीला एसी मस्त थंड, पण उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलं की नुसती हवा. गाडी थोडा वेळ सावलीत उभी केली की पुन्हा थंड. अशा तक्रारीवर ‘गॅस कमी झालाय’ हे उत्तर ठरलेलं. पण गॅस गळला असेल तर सावलीत उभं राहून तो परत येतो थोडाच!

म्हणून दोष चालू असतानाच बोनेट उघडलं. व्हेंटमधून हवा पूर्ण जोरात येत होती, म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ धरला नव्हता. कंडेन्सरचा पंखाही फिरत होता. कॉम्प्रेसरची पुली मात्र फिरतेय आणि तिच्यापुढची क्लच प्लेट (एसी लावला की चुंबकाने पुलीला चिकटून कॉम्प्रेसर फिरवणारी) गप्प. क्लचच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावला (वायरी बेल्टपासून लांब ठेवून), तर १३.६ व्होल्ट. करंट पोचतोय, तरी प्लेट खेचली जात नाही. इथे शून्य दिसलं असतं तर रिले, फ्यूज आणि प्रेशर स्विचकडे वळायचं.

मग इंजिन बंद केलं, कनेक्टर काढला आणि १० अँपियरच्या फ्यूजमधून बॅटरीचा करंट थेट क्लचला दिला. ‘टक’ आवाज नाही. हातमोजा घालून प्लेट दाबली, तशी ती चटकन चिकटली. निदान झालं. घासून प्लेट आणि पुलीमधली फट वाढलेली असते. त्यात क्लचच्या चुंबकाची कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो आणि चुंबकाला तेवढं अंतर ओढवत नाही.

फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट ०.९ मिमी भरली. बऱ्याच कॉम्प्रेसरना ०.३ ते ०.६ चालते, नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमध्ये बघावा. मधला बोल्ट काढून प्लेट ओढली की शाफ्टवर पातळ शिम, म्हणजे फट ठरवणाऱ्या चकत्या, असतात. त्यातली ०.४ ची एक काढली आणि फट तीन ठिकाणी मोजली: सगळीकडे ०.५ च्या आसपास. फार कमी केली तर एसी बंद असतानाही प्लेट घासते, म्हणून हाताने फिरवून बघायची. काढायला शिमच उरली नसेल तर नवीन क्लच. आणि ज्या कॉम्प्रेसरला असा क्लचच नसतो, त्यांना यातलं काही लागू नाही.

या कामात गॅसच्या पाइपला हात लावावा लागत नाही, आणि लावूही नये. आतला गॅस दाबाखाली असतो, अंगावर उडाला तर कातडी गोठते.