एन्सेलाडसच्या पाण्यातले मीठ

आमच्या बेळगाव-खानापूर भागात शनी म्हटले की मारुतीला वाहायचे तेल आणि साडेसातीची धास्ती आधी आठवते. त्या ग्रहाभोवती अडीचशेहून अधिक उपग्रह फिरतात आणि त्यांपैकी एन्सेलाडस नावाच्या एकाच्या पोटात समुद्र आहे, हे शाळेतल्या मुलांना सांगितले की ती एकदम सावरून बसतात. पाऊस पूर्ण उघडल्यावर जांबोटीच्या बाजूला, जिथे गावातल्या दिव्यांचा उजेड पोहोचत नाही, तिथे आम्ही दुर्बीण लावतो. आमच्या लहान दुर्बिणीतून शनीची कडी दिसते आणि बाजूला टायटन या उपग्रहाचा ठिपका दिसतो. एन्सेलाडस मात्र ग्रहाच्या झगमगाटात हरवून जातो. अशाच एका रात्री आठवीतल्या मुलीने विचारले, "सर, दिसतच नाही तर तिथं पाणी हाय म्हणून कुणी बघितलं?" प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर नीट लिहून काढावेसे वाटले.

विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये शोधलेल्या या उपग्रहाचा व्यास सुमारे ५०४ किलोमीटर आहे, म्हणजे बेळगावहून बंगळूरला जाताना रात्रभरात बस जेवढे अंतर कापते, साधारण तेवढाच. पृष्ठभाग स्वच्छ बर्फाचा असल्याने तो जवळजवळ सगळा सूर्यप्रकाश परत फेकतो आणि तिथले तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. एवढा लहान गोळा केव्हाच आतपर्यंत गोठून गेलेला असणार, असेच कोणालाही वाटले असते.

२००५ च्या फेब्रुवारीत शनीभोवती फिरणारे कॅसिनी हे अंतराळयान एन्सेलाडसच्या जवळून गेले, तेव्हा शनीचे चुंबकीय क्षेत्र या उपग्रहापाशी वाकलेले आढळले, जणू मध्ये काही वायूचा अडथळा असावा. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी आग्रह धरला आणि जुलैतली फेरी ठरल्यापेक्षा बरीच खाली, सुमारे १७० किलोमीटर उंचीवर आणण्यात आली. दक्षिण ध्रुवावरच्या, प्रत्येकी सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या चार भेगा आजूबाजूच्या बर्फापेक्षा उबदार निघाल्या. त्यांतून वाफ आणि हिमकण अवकाशात उडत होते, आणि शनीभोवतीचे 'ई' नावाचे कडे याच कणांनी भरत राहते, हेही उलगडले. उपकरणाच्या नोंदीतल्या एका लहानशा विसंगतीकडे त्या माणसांनी दुर्लक्ष केले नाही, याचे मला फार मोल वाटते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. फवारे असले म्हणजे खाली द्रव पाणी असलेच पाहिजे असे नाही, कारण बर्फाची थेट वाफही होऊ शकते. परंतु वाफ होताना मीठ मागे राहते. २००९ मध्ये 'ई' कड्यातल्या कणांमध्ये सोडियमचे क्षार सापडले, तेव्हा ते कण खाऱ्या पाण्याचे तुषार जागच्या जागी गोठून बनलेले आहेत हे स्पष्ट झाले. आणि पाण्यात एवढे मीठ उतरायचे तर ते खडकाच्या सहवासात दीर्घकाळ असले पाहिजे. पुढे २०१५ मध्ये उपग्रहाचे डोलणे मोजण्यात आले. वरचे बर्फाचे कवच आतल्या खडकाला चिकटलेले असते तर ते इतके डोलले नसते, म्हणून समुद्र केवळ ध्रुवाखाली नसून सर्वत्र पसरलेला आहे. त्याच वर्षी सापडलेल्या सिलिकाच्या, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याच्या, अतिसूक्ष्म कणांवरून तळाशी ९० अंशांच्या आसपासचे गरम पाणी असावे असे अनुमान निघाले.

ही ऊब येते ती ओढाताणीतून. डायोनी हा उपग्रह शनीभोवती एक फेरी घालतो तेवढ्यात एन्सेलाडस दोन घालतो. त्यामुळे त्याची कक्षा किंचित लांबट राहते आणि शनीच्या बदलत्या ओढीने त्याचे अंग सतत ताणले-आवळले जाते. शनीला त्याहून जवळ असलेल्या मिमास या उपग्रहाचा पृष्ठभाग मात्र जुन्या विवरांनी भरलेला आणि शांत आहे. मला तरी हे कोडे समुद्राइतकेच मोठे वाटते.

फवाऱ्यात हायड्रोजन सापडल्याचे २०१७ मध्ये, तर कड्यातल्या कणांत फॉस्फेट सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. ही दोन्ही द्रव्ये जिवांना उपयोगी असली तरी यावरून तिथे जीव आहेत असे मुलांना सांगणे चुकीचे ठरेल, कारण हायड्रोजन खडक आणि पाणी यांच्यातूनही तयार होतो. जिवांची खूण शोधण्यासाठी युरोपीय अंतराळ संस्था २०४० च्या दशकात यान पाठविण्याच्या विचारात आहे, आणि ते दक्षिण ध्रुवाजवळ, त्या भेगांच्या परिसरात उतरावे असा प्रस्ताव आहे.