कळसूबाईची अट

आज पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई केलं. सुट्टीचा दिवस, त्यामुळे लोखंडी शिड्यांवर चक्क ट्रॅफिक जॅम! वर सेल्फीवाल्यांची झुंबड. शेंदूर फासलेल्या त्या छोट्याशा देवळात मात्र एक आजीबाई शांतपणे ओटी भरत होत्या.

१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, हे शाळेत पाठ केलेलं. पण ही कळसू कोण? दंतकथा अशी, की ती रानात रमणारी कोळ्याची पोर. पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि नेमकी तीच कामं गळ्यात पडली. तिने ती केली अन् तडक डोंगर गाठला, तो कायमचाच. जिथे भांडी घासली ते ठिकाण थाळेमेळ, जिथे केर काढला तो काळदरा.

१८६५ साली जगातल्या सर्वात उंच शिखराला भारताच्या भूमापन खात्याचे निवृत्त प्रमुख (सर्व्हेअर जनरल) जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव दिलं गेलं. आमच्याकडे मान मिळाला घरकाम सोडून गेलेल्या पोरीला. मला हेच जास्त पटतं, बुवा.

वायव्येला इगतपुरी, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग. कुलंग ढगातच होता. उतरताना गुडघ्यांनी मात्र पुरता हिशेब मागितला.