टोकन दिलं होतं, मग सौदा झाला की नाही?

जुना फ्लॅट किंवा गावाकडची जमीन घेताना भांडण बहुतेक वेळा टोकन आणि साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा लेखी करार) यांच्या मधल्या दिवसांत पेटतं. विकणाऱ्याला जास्त भावाचं गिऱ्हाईक भेटलेलं असतं. घेणारा म्हणतो, टोकन घेतलंत, आता मागे फिरता येणार नाही. विकणारा म्हणतो, रजिस्टर काही नाही, तर करार कसला? दोघांचंही चुकतं, आणि त्या चुकीपायी वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात हेलपाटे घालावे लागतात.

आधी विकणाऱ्याचं म्हणणं घेऊ. महाराष्ट्रात विक्रीचा करार तोंडीसुद्धा होऊ शकतो. मात्र तो सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर, आणि तो फार जड असतो. लेखी पण नोंदणी नसलेली इसारपावती, म्हणजे टोकनची पावती, 1908च्या नोंदणी कायद्याच्या कलम 49मधल्या अपवादामुळे करारपूर्तीच्या, म्हणजे ठरल्याप्रमाणे विक्री करून मागण्याच्या, दाव्यात पुरावा म्हणून चालते. नोंदणी नसेल तर 2001 नंतरच्या कागदावर घेणाऱ्याला मिळालेल्या ताब्याचं संरक्षण मात्र मिळत नाही. मुद्रांक कमी असेल तर कोर्ट कागद जप्त करून ठेवतं. तूट आणि त्यावर दरमहा 2 टक्के दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात येत नाही. पावतीत ताबा दिल्याचं किंवा द्यायचं ठरल्याचं लिहिलं, तर मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकं लागू शकतं. ही ओळ लोक सहज लिहून जातात आणि पुढे अडकतात.

आता घेणाऱ्याचं. पैसे हातात पडले एवढ्यानं करार होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 'ठरलेल्या अटी' मागतं. कोर्ट बघतं ते हेच: काय विकायचं, केवढ्याला, कोणी कोणाला आणि कधीपर्यंत, हे ठरलं होतं का? मडिकेरीच्या एका बंगल्याच्या वादात मालकानं कळवलं होतं, दहा हजारांखाली घेणार नाही. घेणाऱ्यानं दहा हजार कबूल केले. 1951 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की करार झालाच नाही. कमीत कमी भाव सांगणं म्हणजे विकायला तयार होणं नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पंच्याऐंशीच्या खाली जमणार नाही' असा मेसेज आला की मला हा निकाल आठवतो.

व्हॉट्सअ‍ॅपचंही सांगतो. अंबालाल साराभाई एंटरप्रायजेसच्या 2020च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ईमेल आणि मेसेज एकत्र वाचूनच सौदा पक्का झाला होता का ते ठरेल, आणि तेही साक्षीपुराव्यानंतर. एकटा अंगठा किंवा 'डन' पुरत नाही. म्हणून संवाद पहिल्यापासून जपा, फोन बदलताना पुसू नका. कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

'बाकीच्या अटी साठेखतात ठरवू' हे वाक्य सगळ्यात घातक. मुख्य अटी ठरल्या असतील आणि फक्त रीतसर कागद करायचा राहिला असेल, तर करार बंधनकारक ठरू शकतो. हप्ते, ताबा, बँकेचा बोजा कोण फेडणार हेच उरलं असेल, तर ती नुसती बोलणी.

म्हणून पावतीत गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. फ्लॅट असेल तर कार्पेट क्षेत्र, पार्किंग, शेअर सर्टिफिकेटचा नंबर. एकूण किंमत, दिलेली रक्कम, उरलेले हप्ते तारखेनिशी, सोसायटीचं ना-हरकत कोण आणणार, बोजा कधी उतरणार, सौदा फिसकटला तर इसाराचं काय. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असताना एकाच भावाची सही घेतली, तर फार तर त्याच्या हिश्श्यापुरतं भांडता येतं. इसार चेकनं किंवा बँकेतूनच द्या. 20,000 किंवा जास्त रोख स्वीकारली तर विकणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि बांधून घ्यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा: 'नोंदणीकृत साठेखत होईपर्यंत कोणावरही बंधन नाही, रक्कम 7 दिवसांत परत.'

विकणारा फिरला आणि टोकन परस्पर तुमच्या खात्यात परत टाकलं, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी लेखी कळवा की रद्द करणं मान्य नाही, मी उरलेली रक्कम द्यायला तयार आहे. नाहीतर तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा काढला जातो. तयारी शब्दांत नको, कागदावर हवी: खात्याचा उतारा, कर्ज मंजुरीचं पत्र. विशिष्ट अनुतोष (स्पेसिफिक रिलीफ) कायद्यातल्या 2018च्या दुरुस्तीनं करारपूर्ती मिळवणं सोपं झालं, पण ही तयारी सिद्ध करण्यातून सुटका नाही. दाव्याची मुदत 3 वर्षांची, ठरलेल्या तारखेपासून. तारीख नसेल तर नकार कळल्यापासून. दाव्यात पर्यायी मागणी म्हणून इसार परत मागायला विसरू नका, कारण न मागितलेला इसार कोर्ट आपणहून देत नाही. दावा दाखल होताच त्याची लिस पेन्डन्स (मालमत्तेवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे मधल्या काळात घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.