टाकीत पेट्रोल, तरी गाडी बंद: कार्बोरेटरच्या नादात गेलेला दीड महिना

बाबांची गाडी म्हणजे १०० सीसीची फोर स्ट्रोक, २००३ चं मॉडेल, एमएच-०३ पासिंग. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून भांडुपला आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली उभी होती, ती थेट दसऱ्याला आठवली. हार घालायला गेलो तर सीटवर मांजर झोपलेलं आणि मागच्या चाकात हवा नाही. हळदकुंकू लावलं, आणि बाबा सहज बोलले, "किक मारून बघ रे एकदा." बस, तिथून सुरू झालं.

चाळीसेक किका मारल्यावर एकदाची फुरफुरली. पण चोक ओढला की चालू, चोक सोडला की विझली, जणू कोणी फुंकर मारल्यासारखी. नाक्यावर ढकलत नेली तर गॅरेजवाल्याने एक नट पण न उघडता निकाल दिला, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गेला, नवीन टाकावा लागेल, अठराशे. मी म्हटलं साफ करून बघूया की, तर म्हणाला त्याला टाइम नाही. त्याचंही बरोबर असेल, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले, नव्या गाड्यांत बहुतेक सगळीकडे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन, आता कार्बोरेटर उघडून बसायला कोणाला परवडतंय. पण अठराशे रुपये मला पण परवडत नव्हते आणि खरं सांगायचं तर थोडा इगो पण होता, डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे आपला, जरी गेली अकरा वर्षं एक्सेलच चालवत असलो तरी.

आधी टाकी रिकामी केली. उघड्यावर करा हे सगळं, जिन्याखाली नको, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे काका बिडी ओढत खाली आले तेव्हा माझाच जीव गेला होता. पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं तर रंग चहासारखा आणि वास फ्रेंच पॉलिशचा. मला वाटलेलं खाली पाण्याचा थर दिसेल, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला दमटपणा ओढतं आणि जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन तळाला बसतात, आणि मुंबईचा अख्खा पावसाळा गेलेला. पण पाणी थेंबभर नव्हतं. तेव्हा आनंद झाला, विचार केला नाही. करायला हवा होता.

कार्बोरेटर काढणं सोपं, दहा नंबरचा पाना आणि थोडी शिवीगाळ. खालची वाटी, म्हणजे ज्यात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो ती, तिचे स्क्रू मात्र जाम झालेले, बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर दाबून धरून मागून हातोडीची हलकी टिचकी मारली तेव्हा सुटले. आत हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड आणि चिकट थर. स्लो जेट (बारीक भोकाचा पितळी तुकडा) काढून ट्यूबलाइटसमोर धरला, आरपार काहीच दिसेना. म्हणजे चोकचं कोडं सुटलं. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, इंजिन जवळजवळ सगळं पेट्रोल याच केसाएवढ्या भोकातून घेतं, ते बुजलं की मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, चोक ओढला की हवा कमी होते म्हणून तेवढ्यापुरती चालते.

हे भोक टाचणीने किंवा सुईने साफ करू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फुकट. मी वायरमधली तांब्याची एक तार सोलून घातली, मग कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारला, रात्रभर भिजत ठेवला आणि सकाळी सायकलच्या पंपाने प्रत्येक भोकातून हवा मारली. स्प्रे मारायच्या आधी रबराचे ओ-रिंग आणि पॅकिंग बाजूला काढायचे, नाहीतर फुगतात. भिजत ठेवायला आईची स्टीलची वाटी घेतली होती, ती वाटी आता माझीच आहे असं मला सांगण्यात आलंय.

एअर स्क्रू, म्हणजे आयडलच्या हवेचं प्रमाण ठरवणारा, काढायच्या आधी तो किती फेऱ्यांत पूर्ण घट्ट होतो ते मोजून ठेवलं, पावणेदोन भरल्या, परत लावताना तेवढ्याच सैल केल्या. गाडी तिसऱ्या किकला चालू. चोक आत, आयडल एकदम टुकटुकटुक. मी बाबांना खिडकीतून बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ताटाएवढा पेट्रोलचा डाग. ओव्हरफ्लोच्या नळीतून रात्रभर थेंबथेंब. वाटीतला फ्लोट वर आला की निडलने पेट्रोल बंद व्हायला पाहिजे, माझ्या निडलच्या टोकाला झिजून गोल खळी पडली होती आणि वर गंजाचा कण अडकलेला. कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन निडल आणि पॅकिंगचा किट आणला, पण कण आला कुठून? टाकीचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, काढला तर आतल्या जाळीवर तांबडा चिखल. मग टाकीत व्हिनेगर भरून एक दिवस ठेवलं, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, साध्या पाण्याने खळखळवली, उन्हात सुकवली, शेवटी थोडं पेट्रोल फिरवून टाकून दिलं. घरात दोन दिवस लोणच्याचा वास. नळीत एक छोटा पारदर्शक फिल्टर पण टाकला.

आता पेट्रोल नीट येतंय का बघूया म्हणून खालची नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली, छान धार, मिनिटभर न थांबता. पास. हा पास मी कसा केला ते लक्षात ठेवा, पुढे येईल.

आणि मग खरी मजा. ऑफिसला घाटकोपरला निघालो एलबीएस मार्गाने. कांजुरमार्ग गेलं, विक्रोळी गेलं, श्रेयस टॉकीजच्या अलीकडे गाडी आधी जरा हलकी होऊन पळाल्यासारखी झाली, मग मिसिंग, मग बंद. मागून बेस्टचा हॉर्न. बाजूला घेतली, झाकण उघडून आत बघितलं, पेट्रोल आहे, गाडी डावी-उजवी हलवली, झाकण लावलं, किक, चालू. म्हटलं कचरा अडकला असेल, हलवल्यावर सुटला. संध्याकाळी परत येताना तेच, फक्त उलट्या बाजूला. असं रोज. एके दिवशी वैतागून टाकी फुल्ल केली तर गांधीनगरच्या सिग्नलपर्यंत पण पोचली नाही, पंपापासून जेमतेम दीड किलोमीटर. मला वाटलं पंपावरच्या पेट्रोलातच घोळ असणार.

पुढचे तीन आठवडे मी काय काय केलं ते आठवलं तरी लाज वाटते. प्लग बदलला. एअर फिल्टर बदलला. इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधला ओ-रिंग बदलला, तिथून हवा खेचते असं वाटून. जुना प्लग पांढरट होता म्हणून सगळा दोष इथेनॉलवर टाकला, आणि त्यात अगदीच चुकीचं नव्हतं. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च, म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉलवालं पेट्रोल जास्त द्यावं लागतं, इंजेक्शनच्या गाडीला ते सेन्सरवरून कळतं, कार्बोरेटरला काय कळणार, तो जेटच्या भोकाएवढंच देणार. म्हणून जेट निडलची (ही वाटीतली नव्हे, थ्रॉटलबरोबर वर-खाली होते ती) क्लिप एक खाच खाली घेतली, निडल वर आली, मिक्श्चर थोडं घट्ट झालं. मधल्या थ्रॉटलला खेचायला खरंच बरी झाली. पण श्रेयसला बंद पडायची ती पडायचीच. वर आणखी एक, दुपारी उन्हात उभी केली की वाटीत नवी निडल असूनसुद्धा ओव्हरफ्लोची नळी ओली.

उलगडा झाला रात्री साडेअकराला. उशीर झाला होता, गाडी नेमकी आमच्या गल्लीत बंद पडली, आणि गल्लीत चिटपाखरू नाही. सवयीने झाकण उघडलं आणि आवाज आला: फुस्स.

मी तसाच उभा. रोज हे झाकण मीच उघडत होतो, एलबीएसच्या गोंगाटात ऐकू येत नव्हतं एवढंच. पेट्रोल खाली उतरलं की त्या जागी वरून हवा यायला लागते, त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते बंद असेल तर आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल वरच अडकून बसतं. टाकी फुल्ल असताना आत हवेची जागाच कमी, म्हणून लगेच बंद, अर्धी असेल तर श्रेयसपर्यंत. उन्हात वाफेचा दाब बाहेर जायला वाट नाही म्हणून तो पेट्रोलला वाटीतल्या निडलवरून ढकलतो. आणि माझी ती धारेची टेस्ट मी झाकण उघडं ठेवून केली होती!

मोबाइलच्या उजेडात झाकण उलटं करून बघितलं, भोकात पिवळट काहीतरी. नखाने टोकरलं तर मेण.

वर आलो, बाबा जागेच, टीव्हीसमोर. विचारलं, "बाबा, झाकणाला मेण कोणी लावलं?"

"मीच लावलं की. ऑपरेशनला जायच्या आधी."

"अहो पण का?"

"अरे, सव्वीस जुलै विसरलास काय?" २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा बाबांची गाडी कुर्ल्याला पाण्यात अख्खी बुडालेली, टाकीतून पाणी काढायला चार दिवस लागलेले, तेव्हापासून पावसाळ्याचं म्हटलं की ते काय बुजवतील सांगता येत नाही, घरातल्या एक्झॉस्ट फॅनला पण प्लास्टिक असतं. "सांगायचं राहिलं बघ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झाकण गरम पाण्यात बुडवून मेण काढलं, भोकातून तोंडाने फुंकून बघितलं, हवा गेली. टाकी फुल्ल केली, भांडुप ते सायन आणि परत, कुठेही थांबली नाही. खर्च सगळा मिळून साडेअकराशे, त्यातला झाकणाचा शून्य. आता कॉक रात्री बंद करतो, आणि जास्त दिवस उभी राहणार असेल तर वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून कार्बोरेटर रिकामा करतो.

बाबांना हे सगळं समजावून सांगितलं, निर्वात वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी गेलं होतं का टाकीत?"

नाही म्हटलं.

"मग?"