घडीची होडी

आमच्या घरात एकट्यानं होत नाही असं एकच काम होतं, डबलबेडच्या चादरीची घडी. आईचा हुकूम सुटला की मी आणि धाकटा भाऊ गच्चीवर दोन-दोन टोकं धरून समोरासमोर उभे. तो डावीकडे वळवणार, मी उजवीकडे. चादरीचा पीळ व्हायचा आणि चूक अर्थातच समोरच्याची.

म्हणून केस आणि पीट वायडेकॉप या डच भावांची गोष्ट कळली, तेव्हा त्यांच्या पदकाआधी मला त्यांच्या सलोख्याचंच कौतुक वाटलं.

साल १९३६, बर्लिन ऑलिंपिक. कयाकच्या, म्हणजे वल्ह्यानं हाकायच्या चिंचोळ्या होडीच्या, शर्यतींना पहिल्यांदाच पदकांचा मान मिळाला होता. बर्लिनमधल्याच ग्र्यूनाऊच्या पाण्यावर त्यातल्या १० किलोमीटरच्या दोन शर्यती चक्क घडीच्या होड्यांच्या होत्या! लाकडी पट्ट्यांचा सांगाडा जोडायचा, त्यावर उशीला चढवावा तसा रबरी कापडाचा अभ्रा चढवायचा. हौस फिटली की सगळं सुटं करून पिशव्यांत. ही युक्ती १९०५ मध्ये सुचली म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिख या विद्यार्थ्याला. दोन वर्षांनी तिचे हक्क विकत घेतले रोझेनहाइमच्या योहान क्लेपरनी, आणि हे गृहस्थ पेशानं शिंपी. मला हे फार आवडलं. ज्याला अंगाला बेताचा कोट शिवता येतो, त्यानं होडीचंही माप घ्यावं! मग शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी होडी पिशवीत भरून आगगाडीनं नदीवर जाऊ लागली.

आता अशा होडीचा सगळा गुण काठावरचा. फलाटावर, जिन्यात, कपाटामागे तिचं मोल कळणार. पाण्यात घडीला कोण गुण देतो? उलट पट्ट्यांच्या मधे कापड दबतं, पाणी अडतं. त्याच अंतराला टणक होड्यांमधली विजेती जोडी ४२ मिनिटांच्या आत पोचली होती. घडीवाल्या विजेत्यांना जवळजवळ ४६ लागली. स्वीडन पहिलं, जर्मनी दुसरं आणि तिसरे आपले वायडेकॉप बंधू. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा लय धरतो, मागच्यानं ती उचलायची. म्हणजे एका भावानं पाऊण तासाहून जास्त वेळ दुसऱ्याची पाठ बघत, हूं की चूं न करता वल्हं मारायचं. आमची तर चादर चार मिनिटं टिकत नसे.

पुढच्या, १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये घडीची होडी नव्हती. पुन्हा कधी आलीच नाही.

मला मात्र ती शर्यत संपल्यानंतरचा अर्धा तास बघायला आवडला असता. काठावर निथळणारी होडी, वल्ह्यांनी भरून आलेले दोघांचे दंड. ओलं कापड तसंच घडी केलं तर कुबट वास मारतं, तेव्हा आधी वाळवणं आलं. मग दोघं दोन बाजूंना उभे राहिले असतील, आणि त्यांच्यातला एक डचमध्ये म्हणाला असेल, “अरे, तिकडून नाही, इकडून!”